दाताचं निमित्त

२०२५च्या श्रावणात आमची नात आठ महिन्यांची झाली आणि घरातली प्रत्येक वस्तू तिच्या तोंडात जायला लागली. टीव्हीचा रिमोट, माझ्या चष्म्याची दांडी, कालनिर्णयचा कोपरा, पणजीच्या काठीचं खालचं रबर... काही म्हणून सुटलं नाही. लाळ तर अशी गळायची की दिवसाला आठ-आठ लाळेरी लागायची. त्यात एडवणचा पाऊस. समुद्रावरून वारा आला की वाळत घातलेलं लाळेरं वाळायच्या ऐवजी आणखी ओलं होतं! त्यामुळे माजघरात, ओटीवर, देव्हाऱ्याच्या शेजारीसुद्धा दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांच्यावर पताकांसारखी लाळेरी लटकलेली.

मुलगा आणि सून बोईसरला राहतात. सून दहा दिवस बाळाला घेऊन गावी आली होती. सफाळ्याला उतरून रिक्षानं घरी पोचेपर्यंत बाळानं रिक्षावाल्याची खाकी बाही चावून ओली केली होती, असं सून सांगत होती. तो बिचारा म्हणाला, "दात येतायत वाटतं वहिनी."

तर दात येतायत, यावर सगळ्या गावाचं एकमत होतं. पुढे काय करायचं यावर मात्र घरातल्या घरात चार पक्ष झाले. माझ्या आईचं वय आता अठ्ठ्याहत्तर. तिनं पहिल्याच दिवशी गुटीची डबी काढून डिकेमालीचा खडा शोधायला घेतला. सहाणेवर हिरडा, वेखंड, मुरडशेंग, जायफळ यांचे मोजून वेढे द्यायचे आणि दातासाठी वर डिकेमालीचा एक वेढा, हा तिचा हिशोब. त्या खड्याला असा काही उग्र वास येतो की बाळ सोडा, मीच ओटीवर जाऊन बसलो. बायकोचं म्हणणं, टाकणखार तव्यावर फुलवून मधातून हिरड्यांना चोळायचा, तिच्या माहेरी असंच करतात. शेजारच्या काकींनी होमिओपॅथीच्या बी.सी. एकवीसच्या गोळ्यांची बाटलीच आणून दिली. आणि सुनेच्या एका मैत्रिणीनं मोबाईलवर पाठवलं की अंबरच्या मण्यांची माळ गळ्यात घातली की दात दुखत नाहीत म्हणे, ऑनलाईन मिळते.

मी नेहमीप्रमाणे काहीच न करणाऱ्या पक्षात. "येतील गं दात. सगळ्यांना येतात," एवढं बोलून मोकळा झालो.

सुनेच्या भावाची वेगळीच काळजी. वरचे दात आधी आले तर मामाला जड जातं, हे त्याला कोणीतरी सांगून ठेवलेलं. तो रोज संध्याकाळी फोन करून विचारायचा, "खालचेच येतायत ना? नीट बघा हं." इंजिनीअर आहे तो. असो.

सोमवारी बाळाला पातळ शी झाली. दोनदा, तीनदा. मंगळवारी सकाळपर्यंत सहा-सात वेळा. दुपारी एकदा उलटी. अंगही थोडं गरम लागत होतं. सून घाबरली, पण घरात कोणीच घाबरलं नाही, कारण घरात उत्तर तयार होतं. दातावर आलीय. दाताचे जुलाब आहेत. दात बाहेर आला की थांबतील आपोआप.

मीपण हेच म्हणालो, हे इथे लिहून ठेवतो. नाहीतर आता पुढे जे शहाणपण सांगणार आहे, ते माझं आधीपासूनचंच होतं असं वाटायचं. सुनेनं मला दोनदा विचारलं, "बाबा, डॉक्टरांना फोन करू का?" आणि मी दोन्ही वेळा म्हणालो, "अगं, दाताचं आहे, बघू उद्यापर्यंत."

बुधवारी सकाळी आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळ गप्प होतं. त्याआधीचे दोन दिवस किरकिर चालू होती, ती थांबली होती आणि मला वाटलं, बरं वाटतंय आता. आईचा हात तिच्या डोक्यावरून फिरत होता. फिरता फिरता तो मध्येच थांबला. "टाळू बसलीये हिची," आई म्हणाली. मग बायकोला हाक मारली, "तेल आण गं. टाळू भरू दे."

तुमच्यापैकी ज्यांनी घरात बाळ वाढवलंय त्यांना माहीत असेल. टाळू खोल गेली की तेल घालून ती भरायची, ही आपल्याकडची फार जुनी रीत. आईनं मला तसंच वाढवलं, माझ्या मुलालाही. बायको तेलाची वाटी घेऊन आलीसुद्धा. पण सून तोपर्यंत फोन घेऊन अंगणात गेली होती. मला न विचारता. बरं केलं.

पालघरच्या लहान मुलांच्या डॉक्टर बाईंनी फोनवर चारच प्रश्न विचारले. शेवटची लघवी कधी झाली? रडते तेव्हा डोळ्यांतून पाणी येतं का? तोंड कोरडं आहे का? आणि टाळू खोल गेलीये का? सून आत आली, तिनं तेलाची वाटी पाहिली, आईचा हात पाहिला आणि फोनवर म्हणाली, "हो, गेलीये." पलीकडून उत्तर आलं, "मग लगेच निघा. येताना अंगावर पाजत या."

शेजाऱ्याची गाडी मिळाली. केळवे, माहीम करत पालघर. एरवी हा रस्ता मला फार आवडतो, एकीकडे सुरूची झाडं, दुसरीकडे वाड्या. त्या दिवशी काय बघितलं ते आठवत नाही. सून मागे बसून पाजत होती आणि मी पुढे बसून 'लघवी कधी झाली होती' याचा हिशोब लावत होतो. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला, एवढंच निघालं.

डॉक्टरांनी बाळाला तपासलं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच सपाट झाली नाही, हळूहळू बसली. वजन साडेसात किलो. म्हणाल्या, पाणी कमी झालंय, पण सलाईनची वेळ आलेली नाही, ती पितेय. किलोला पंचाहत्तर मिली या हिशोबानं चार तासांत साडेपाचशे मिलीच्या आसपास ओ.आर.एस. पाजायचं. चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करायचं, आणखी हळू. मध्ये मध्ये अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. चौदा दिवस झिंकचं औषध. बस्स.

मुलगा बोईसरहून थेट तिथेच आला होता. येताना दुकानातून सफरचंदाच्या चवीचे दोन खोके घेऊन आला, त्यांच्यावर ओ.आर.एस. ही अक्षरं मोठ्या टायपात. डॉक्टरांनी ते उलटं करून साखरेचा आकडा दाखवला आणि परत पाठवलं. "हे सरबत आहे. यानं जुलाब वाढतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाचं पाकीट आणा, पावडरचं." (पुढे ऑक्टोबर २०२५मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ओ.आर.एस. वापरायला बंदी घातल्याची बातमी आली, तेव्हा मुलानं ती मला पाठवली. सोबत काही लिहिलं नव्हतं.)

चार तास आम्ही तिथे बसून होतो. एक चमचा. मग मिनिटभर थांबायचं. मग एक चमचा. दोन तासांनी बाळानं माझा चमचा धरला आणि चावला. तिसऱ्या तासाला रडली, आणि डोळ्यांतून पाणी आलं. सून ते पाणी पाहून स्वतःच रडायला लागली. चौथ्या तासाला लंगोट ओला झाला. लघवी झाली म्हणून पेढे वाटावेसे वाटणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं!

निघताना मी डॉक्टरांना विचारलंच, "मॅडम, दाताचं असेल असं वाटलं होतं आम्हाला." त्यांनी हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आजोबा, दात येताना बाळ किरकिर करेल, लाळ गाळेल, दिसेल ते चावेल, रात्री उठेल. अंग किंचित कोमट लागेल. दिवसाला सात-आठ जुलाब, उलट्या, चढलेला ताप, हे दाताच्या नावावर मांडू नका. दात काही पळून जात नाही. जुलाबाकडे आधी बघा."

घरी आल्यावर मला चैन पडेना. दोन दिवस रजा काढली होती, मग वाचत बसलो. अमेरिकेत क्लीव्हलँडला २००० साली या विषयाचा एक नेटका अभ्यास झाला. १२५ बाळं आणि त्यांचे ४७५ दात. आईबापांनी रोज नोंद ठेवायची, आज काय काय झालं, ताप किती आणि दात दिसला का. दात दिसण्याआधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन, असे आठ दिवस धरून हिशोब मांडला. लाळ, चावणं, हिरड्या चोळणं, कान ओढणं, चिडचिड, जागं राहणं, घन खाणं कमी होणं, अंग जरासं गरम होणं, हे त्या आठ दिवसांत थोडं वाढलेलं सापडलं. जुलाब, उलटी, खोकला, १०२च्या वरचा ताप यांचा दाताशी संबंध सापडला नाही. गंमत म्हणजे दाताची म्हणून जी लक्षणं ठरली, त्यांतलंही एकसुद्धा पस्तीस टक्क्यांहून जास्त बाळांत दिसलं नाही. म्हणजे कितीतरी बाळांना दात गुपचूप येतात.

मग सगळ्या जगाला असं का वाटतं? उत्तर सोपं आहे, पण मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो, कुणाला चौथ्या महिन्यात तर कुणाला वर्ष होऊन गेल्यावर. आणि नेमक्या याच काळात आईकडून पोटातून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती ओसरत असते. बाळ रांगायला लागतं, जमिनीवरचं उचलून तोंडात घालतं, वरचं अन्न सुरू होतं, वाटी-चमचा येतो. जुलाब या सगळ्यातून येतात. दात फक्त त्याच वेळी तिथे हजर असतो. आणि वीस दुधाचे दात अडीच-तीन वर्षांचं होईपर्यंत एकामागून एक येत राहतात, म्हणजे त्या वयातलं कुठलंही आजारपण घ्या, आसपास एखादा दात सापडतोच. बदनाम व्हायला याहून सोयीचा माणूस कुठे मिळणार!

हे फक्त आपल्याकडचं अडाणीपण आहे असंही नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३९ साली ५,०१६ मृत्यूंच्या नोंदीत कारण म्हणून चक्क 'दात येणं' लिहिलेलं आहे. सरकारी दप्तरात. तिथले डॉक्टर हिरडीला चीर देऊन दाताला वाट करून देत असत. आणि दाताची म्हणून जी पावडर मिळायची तिच्यात पाऱ्याचा क्षार असे, त्यानं कितीतरी मुलांचे हातपाय गुलाबी होऊन सोलपटायचे. तो पारा त्या पावडरींतून १९५४ साली निघाला. आपल्या टाकणखाराचंही तसंच आहे. तिकडे चोखणी मध आणि टाकणखारात बुडवून दिलेल्या बाळांना झटके आल्याच्या नोंदी आहेत, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये हे तर आता सगळेच डॉक्टर सांगतात. बायकोला हे वाचून दाखवलं. तिनं टाकणखाराची पुडी काही न बोलता परत फडताळात ठेवली. फेकली नाही.

वाग्भटानंही सातव्या शतकाच्या आसपास दात येणं हे बाळाच्या सगळ्या रोगांचं मूळ म्हणून सांगितलंय. मोराला तुरा फुटताना जसं अंगभर दुखतं तसं बाळाचं होतं, असा त्याचा दाखला. मला मोर आवडला. पण त्याच वाग्भटानं पुढे असंही सांगून ठेवलंय की दाताच्या दुखण्यात पोराला फार जखडू नका, दात आले की ती दुखणी आपोआप शमतात. हे वाचून मी पुस्तक मिटलं, कारण 'आपोआप थांबेल' हेच तर मी मंगळवारी म्हणालो होतो.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं, तिथे येतो.

माझ्या आधी माझ्या आईला एक मुलगा झाला होता. हे मला लहानपणापासून माहीत आहे, जसं घरात विहीर आहे हे माहीत असतं तसं. त्याचा फोटो नाही. त्याच्याबद्दल घरात एकच वाक्य होतं, 'पहिला दातात गेला'. आजी तसंच म्हणायची, वडील तसंच म्हणायचे, आईही. या वाक्यात मला कधी काही विचारण्यासारखं वाटलं नाही. गावात दातात गेलेली आणखीही मुलं होती. एखादं बुडून गेलं, एखादं साप चावून गेलं, तसं एखादं दातात गेलं.

१९६८चा श्रावण. मुलगा सात महिन्यांचा. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात, पालघर जिल्हा व्हायला अजून सेहेचाळीस वर्षं होती. पाऊस असा की सफाळ्याचा रस्ता पाण्याखाली, बैलगाडी जाईना. जुलाब तीन दिवस. आजीनं आणि गावातल्या सुईणीनं सांगितलं, दाताचे आहेत, पोटाला आराम द्या. पाणी पाजलंत तर पाण्यासारखेच होतील. दूधही बंद. आईचं वय एकवीस. छाती भरून यायची, दुखायची, तेव्हा मागच्या दारी जाऊन केळीच्या बुंध्यात दूध पिळून टाकायची. तिसऱ्या दिवशी टाळू खोल गेली. तेल घातलं. ते जिरलं, पुन्हा घातलं. आशापुरीला ओटी बोलली. चौथ्या दिवशी पहाटे तो गेला.

हे सगळं मला आईनं त्या बुधवारी रात्री सांगितलं. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा. बाळ झोपलं होतं, सून तिच्याजवळ कलंडली होती. मी स्वयंपाकघरात रात्रीसाठी नवं ओ.आर.एस. करत होतो. पाणी उकळून गार केलेलं, एक लिटर मोजून, त्यात अख्खं पाकीट. आई येऊन पाटावर बसली.

"हे कसलं रे पाणी?"

"मीठ-साखरेचं. म्हणजे मीठ, ग्लुकोज, आणखी दोन क्षार. जुलाबात अंगातलं पाणी जातं ना, ते भरून काढायला."

"जुलाबात पाणी द्यायचं?"

"द्यायचं. दूधपण द्यायचं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूहळू ते सगळं सांगितलं. रडली नाही. केळीचा बुंधा सांगताना मात्र हातानं मागच्या दाराकडे दाखवलं, जणू ती केळ अजून तिथे आहे. आणि मग विचारलं, "हे पाणी तेव्हा होतं का रे?"

मी दिवसभर वाचत बसलो होतो, त्यामुळे मला तारीखसुद्धा माहीत होती. तोंडानं पाजलेल्या मीठ-साखरेच्या पाण्यानं पटकीचा रोगी तगतो, हे नलिन आणि कॅश या डॉक्टरांनी ढाक्यात मोठ्या माणसांवर दाखवलं, तो लेख लॅन्सेट या मासिकात छापून आला ऑगस्ट १९६८मध्ये. नेमका तोच श्रावण. मग १९७१मध्ये बांगलादेशचे निर्वासित लाखोंनी सीमेवर आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून हे पाणी वाटलं, नातेवाइकांनीच ते रोग्यांना पाजायचं. मृत्यू तीस टक्क्यांच्या घरात होते ते चारच्या खाली आले. महालनबीस २०२२मध्ये गेले, पद्मविभूषण मिळालं ते २०२३ साली, मरणोत्तर. त्यांच्या एका पाकिटाची किंमत आजही एका वडापावाच्या आसपास असेल.

आईला मी एवढंच म्हणालो, "नव्हतं गं आई. त्याच महिन्यात तिकडे ढाक्याला शोध लागत होता. पाकीट आपल्याकडे यायला पुढे कितीतरी वर्षं गेली."

खरं होतं ते. आईनं मान हलवली. मला वाटलं, संपलं. मी भांडं झाकत होतो तेव्हा ती म्हणाली, "पेज तर होती."

मी तिच्याकडे बघितलं.

"पेज होती ना रे घरात. रोज चुलीवर असायची. मीठ घातलेली. आम्ही सगळे पीत होतो, त्याच्यासमोर बसून."

भाताची पातळ पेज, चिमूटभर मीठ. घरात पाकीट नसेल तर हेच पाजा असं आज सांगतात. हे मला माहीत होतं आणि ते मी तिला सांगणार नव्हतो. ते तिला कोणी सांगायची गरजच पडली नाही. सत्तावन्न वर्षं 'दातात गेला' हे वाक्य त्या पेजेवर झाकण ठेवून होतं. दाताला कोण काय करणार? सासूचा दोष नाही, सुईणीचा नाही, एकवीस वर्षांच्या आईचा तर नाहीच. आणि मी, वाचून शहाणा झालेला, चार तासांत ते झाकण काढून बसलो.

मला सुचेल ते मी बोललो. म्हणालो, "आई, तेव्हा मोठे मोठे डॉक्टरही पोट रिकामं ठेवा म्हणायचे. जुलाबात उपास घालायचे. तू डॉक्टरकडे पोचली असतीस तरी कदाचित त्यांनी तेच सांगितलं असतं."

"तुला कोणी सांगितलं?"

"वाचलंय मी. खरंच."

"हं," ती म्हणाली. हे 'हं' तिला पटल्याचं होतं की मी समजूत घालतोय हे कळल्याचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण जे म्हणालो ते खोटं नव्हतं. त्या काळी शिकलेले डॉक्टरही तसंच करत.

रात्री दोनला बाळ उठलं. मी डोळे चोळत आत गेलो तर आई आधीच तिथे होती, वाटी-चमचा घेऊन. अंधारात, नुसत्या झिरो बल्बच्या उजेडात. एक चमचा. थांबायचं. एक चमचा. माझ्यापेक्षा कितीतरी हळू आणि एक थेंब न सांडता. मी म्हणालो, "दे, मी पाजतो, तू झोप." तिनं वाटी दिली नाही. पहाटे साडेचारला मी पुन्हा बघितलं, तेव्हाही ती तशीच बसलेली, बाळ तिच्या मांडीवर झोपलेलं आणि वाटी रिकामी. त्यानंतरचे चार दिवस ते पाणी तिनंच पाजलं. चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं असतं, हे मी सांगितलं होतं. ती घड्याळ बघून फेकायची. मागच्या दारी.

शनिवारपर्यंत जुलाब थांबले. रविवारी बाळानं पुन्हा पणजीच्या काठीचं रबर चावायला घेतलं. या सगळ्या गदारोळात दाताचं नावसुद्धा कोणी काढलं नव्हतं. डिकेमालीचा खडा डबीत परत गेला. हिरड्या शिवशिवतात म्हणून सून स्वच्छ धुतलेलं फडकं गार पाण्यात भिजवून चावायला द्यायची, तेवढं पुरत होतं. अंबरची माळ कोणी मागवली नाही. गळ्यात काहीही बांधू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, गळफास बसतो.

सून निघायच्या आदल्या दिवशी सकाळी आई तिला नाचणीचं सत्त्व भरवत होती. मध्येच थांबली. चमचा पुन्हा तोंडात घातला, खालच्या हिरडीवर हळूच आपटला. टक्क. आईला आता कमी ऐकू येतं, म्हणून तिनं चमचा खाली ठेवून, हात धुऊन, करंगळी बाळाच्या तोंडात घातली. बाळानं ती चावली असणार, कारण आई "अगं अगं" करत हसली.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "खालचा आहे. मामाला फोन करून सांग."